शेअर्ड होस्टिंग की रीसेलर? पाच ग्राहकांसाठी काय घ्यावे

प्रश्न : दांडियाबाजारवाला

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. बीसीए झाल्यापासून छोट्या व्यावसायिकांना वर्डप्रेसवर संकेतस्थळे बांधून देतो. सध्या पाच ग्राहक आहेत : मकरपुरा जीआयडीसीतील सुटे भाग बनवणारा एक कारखाना, मांजलपूरचे शिकवणी वर्ग, रावपुऱ्यातील एक केटरर, एक दंतवैद्य आणि अलकापुरीत गरबा शिकवणारी एक संस्था. ही पाचही संकेतस्थळे मी माझ्या नावावरच्या एकाच शेअर्ड खात्यात (एका सर्व्हरवर अनेक ग्राहक ठेवणाऱ्या योजनेत) अ‍ॅडऑन डोमेन म्हणून, म्हणजे त्याच खात्याला जोडलेली जादा संकेतस्थळे म्हणून, ठेवली आहेत. पहिल्या वर्षी ते फार स्वस्तात पडले. आता नूतनीकरणाची रक्कम पाहिली तर ती जवळजवळ तिप्पट आहे. होस्टिंग कंपनीचा विक्री प्रतिनिधी सांगतो की एवढे पैसे भरण्यापेक्षा थोडी भर घालून रीसेलर (जागा घेऊन ती ग्राहकांना पुढे विकण्याची) योजना घ्या, संकेतस्थळे वेगवान होतील आणि ग्राहकांकडून दरवर्षी उत्पन्नही मिळेल.

माझे प्रश्न असे : रीसेलर घेतल्याने वेग खरोखर वाढतो का? मला लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचा अनुभव नाही, तरी हे मला झेपेल का? ग्राहकांना बिल देताना जीएसटीची नोंदणी लागते का? आणि नवरात्र दोन महिन्यांवर आली असताना हा बदल आता करावा की नंतर?

उत्तर : सर्व्हरवाला, इंदूर

वेगाचे आधी सांगतो, कारण विक्री प्रतिनिधीने तिथेच तुमची दिशाभूल केली आहे. रीसेलर योजना म्हणजे अधिक ताकदीचा सर्व्हर नव्हे. बहुतेक कंपन्या शेअर्ड आणि रीसेलर ग्राहकांना एकाच प्रकारच्या यंत्रांवर ठेवतात, कधी कधी तर एकाच यंत्रावर. तुम्ही मुळात भाडेकरूच राहता. फक्त पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी मिळते. शेअर्डमध्ये तुमच्याकडे एक सीपॅनेल, म्हणजे खाते चालवण्याचा नियंत्रण फलक, असते. रीसेलरमध्ये त्याच्या वरचे डब्ल्यूएचएम मिळते आणि तिथून तुम्ही प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे सीपॅनेल खाते उघडता, त्याला किती जागा, किती मेलपेट्या, किती डेटाबेस हे ठरवून देता, गरज पडल्यास खाते स्थगित करता. रूटचा, म्हणजे पूर्ण सर्व्हरवरचा, अधिकार मात्र तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमची डागडुजी, वेब सर्व्हर पुन्हा सुरू करणे, पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिच्या) नव्या आवृत्त्या बसवणे ही कामे कंपनीच करते. लिनक्सचा अनुभव नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तो व्हीपीएस (स्वतःच सांभाळायचा आभासी सर्व्हर) घेणाऱ्याला लागतो, आणि व्हीपीएसचा विचार तुम्ही एवढ्यात करूच नये.

मग रीसेलरचा खरा फायदा कोणता? खाती वेगळी होण्याचा. सध्या तुमची पाचही संकेतस्थळे एकाच लिनक्स वापरकर्त्याच्या नावाखाली चालतात. दंतवैद्यांच्या संकेतस्थळावर एखादे प्लगइन (वर्डप्रेसचा जोड-प्रोग्राम) वर्षभर अद्ययावत केले नाही आणि त्यातून एखादी घातक पीएचपी फाइल अपलोडच्या फोल्डरमध्ये शिरली, तर ती फाइल त्या वापरकर्त्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते. म्हणजे तिला कारखान्याचे फोल्डर वाचता येते, केटररच्या फोल्डरमध्ये लिहिता येते, आणि पाचही ठिकाणच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलींतून डेटाबेसचे पासवर्ड उचलता येतात. मग तुम्ही दंतवैद्यांचे संकेतस्थळ साफ करता, आणि दोन दिवसांनी ते शेजारच्या फोल्डरमधून पुन्हा बाधित होते. एव्हाना गूगलने लाल इशारा लावलेला असतो, तो कारखान्याच्या ग्राहकालाही दिसतो, आणि आपला दोष काय हे त्या कारखानदाराला कोणीही समजावू शकत नाही. वेगवेगळी सीपॅनेल खाती असली आणि सर्व्हरवर क्लाउडलिनक्सचे (होस्टिंगसाठीच्या लिनक्सचे) केजएफएस हे खाती विलग ठेवणारे साधन चालू असले की एका खात्यातील प्रोग्रामला दुसऱ्या खात्याच्या फायली दिसत नाहीत. माझ्या मते एका शेअर्ड खात्यात अनेक ग्राहकांची अ‍ॅडऑन डोमेन ठेवणे हा सर्व पर्यायांतील सर्वात वाईट पर्याय आहे, आणि नवशिक्यांमध्ये तोच सर्वाधिक दिसतो.

मर्यादांचा हिशेबही याच्याशीच जोडलेला आहे. क्लाउडलिनक्सवर प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एंट्री प्रोसेस (एकाच क्षणी चालणाऱ्या विनंत्या) यांची मर्यादा असते. एक कोअर, १ जीबी मेमरी आणि २० एंट्री प्रोसेस असे आकडे स्वस्त योजनांत नेहमी दिसतात. प्रोसेसरची मर्यादा गाठली की संकेतस्थळ मंद होते, पण चालू राहते. एंट्री प्रोसेसची मर्यादा गाठली की मात्र पाहुण्याला थेट ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. आज तुमची पाचही संकेतस्थळे एकाच मर्यादेत वाटून घेत आहेत, म्हणजे गरब्याच्या संस्थेवर गर्दी झाली की दंतवैद्यांचेही पान उघडत नाही. रीसेलरमध्ये सामान्यतः प्रत्येक खात्याला स्वतःची मर्यादा मिळते. सामान्यतः म्हणतो, कारण पूर्ण रीसेलर खात्यालाच एकत्रित मर्यादा लावण्याची सोयही क्लाउडलिनक्समध्ये आहे आणि काही कंपन्या ती वापरतात. हा एक प्रश्न विकत घेण्यापूर्वी लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर ती कंपनी सोडून द्या.

‘अमर्याद खाती’ अशी जाहिरात दिसली तर तीही तपासून घ्या. सीपॅनेलने २०१९ साली आपल्या परवान्याची किंमत सर्व्हरमागे न ठेवता खात्यांच्या संख्येवर ठरवायला सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक खात्यामागे होस्टिंग कंपनीला खर्च येतो, आणि तो ती कुठे ना कुठे वसूल करतेच. डायरेक्टअ‍ॅडमिन वापरणाऱ्या कंपन्या म्हणूनच काहीशा स्वस्त पडतात. पॅनेल निराळे असले तरी काम तेच होते.

उत्तर : कारेलीबागकर ताई

सर्व्हरवाले दादांनी तांत्रिक बाजू नेमकी मांडली आहे आणि अ‍ॅडऑन डोमेनबद्दलचे त्यांचे मत मला पूर्ण मान्य आहे. तरीही रीसेलर घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. मीही बडोद्यातच हेच काम करते आणि माझा रिवाज असा आहे की होस्टिंग व डोमेन दोन्ही ग्राहकाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या पैशाने घ्यावेत. मी फक्त बांधणी आणि देखभालीचे पैसे घेते. काही कंपन्या खातेदाराला आपल्या विकसकाला मर्यादित प्रवेश देण्याची सोय करून देतात, त्यामुळे पासवर्डची देवाणघेवाणही करावी लागत नाही.

तुम्ही रीसेलर झालात की ग्राहकाच्या दृष्टीने होस्टिंग कंपनी तुम्हीच असता. मूळ कंपनी तुमच्या ग्राहकाशी एक शब्द बोलत नाही. ऐन रात्री सर्व्हर बंद पडला तर तुम्हाला करता येण्यासारखे एकच असते : तक्रारीचे तिकीट टाकून वाट पाहणे. पण फोन तुमचाच वाजतो, आणि ‘भाई, साइट खूलती नथी’ एवढ्या एका वाक्यापुढे कितीही तांत्रिक स्पष्टीकरण दिले तरी ते ऐकून घेतले जात नाही. आपल्याकडे नवरात्रीत गरब्याच्या पासांसाठी जी झुंबड उडते ती तुम्हाला ठाऊक आहेच. त्या दिवसांत होस्टिंगचा जबाबदार माणूस म्हणून आपले नाव पुढे असावे का, हा हिशेब विक्री प्रतिनिधीच्या तक्त्यात नसतो.

पैशाचेही पाहू. समजा रीसेलर योजना महिना १,२०० रुपयांची आहे. वर्षाचे १४,४०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १६,९९२. पाच ग्राहकांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ३,४०० रुपये हा तुमचा खरेदीचा भाव झाला, आणि त्यात तुमचा वेळ कुठेच धरलेला नाही. यावर नफा ठेवून बिल लावले की ग्राहक मोबाइलवर शेअर्ड होस्टिंगची पहिल्या वर्षाची जाहिरात काढून दाखवतो आणि विचारतो की तुम्ही एवढे महाग कसे. तो नूतनीकरणाचा भाव पाहत नाही. तुम्हीही पहिल्या वर्षी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दहा-बारा ग्राहक झाले की हे गणित बदलते, कारण योजनेची किंमत तीच राहते आणि वाटेकरी वाढतात; पाचांवर ते जेमतेम जुळते.

जीएसटीबद्दल थोडक्यात : सेवा देणाऱ्यासाठी गुजरातेत नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, तेव्हा सध्या तुम्हाला नोंदणीची सक्ती नसावी. पण नोंदणी नसेल तर होस्टिंगवर भरलेला कर तुम्हाला परत घेता येत नाही, आणि मकरपुऱ्याच्या कारखान्याला तुमच्या बिलावर जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही. त्या कारखान्याने होस्टिंग थेट कंपनीकडून घेतले तर त्याला ते मिळते. तो मुद्दा त्यांच्या हिशेबनिसाला सांगून पाहा, काम लगेच होते.

दांडियाबाजारवाला

दोघांचेही आभार. ताई, तुमचे म्हणणे कारखाना आणि दंतवैद्य यांच्या बाबतीत लगेच पटले. दोघांकडे कार्यालय आहे, ई-मेल पाहणारे माणूस आहे. केटररकाकांचे मात्र तसे नाही. त्यांना ओटीपी कुठे आला हेही मलाच शोधून द्यावे लागते, आणि नूतनीकरणाचा मेल त्यांच्या पेटीत न वाचता पडून राहील याची मला खात्री आहे. शिकवणीवाल्या सरांनीही स्पष्ट सांगितले आहे की सगळे तुम्हीच पाहा, वर्षाला एक रक्कम सांगा. अशा ग्राहकांचे काय करावे?

दुसरे म्हणजे ई-मेल. कारखान्याच्या मेलपेट्या याच शेअर्ड खात्यात आहेत आणि मला अलीकडे ‘आयनोड मर्यादा ९० टक्के’ असा इशारा येऊ लागला आहे. जागा तर निम्मीसुद्धा भरलेली नाही. हे काय प्रकरण आहे?

उत्तर : मेलमास्तर, ग्वाल्हेर

आयनोड म्हणजे जागा नव्हे, फायलींची आणि फोल्डरांची संख्या. सीपॅनेलच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक ई-मेल ही स्वतंत्र फाइल असते. कारखान्याच्या विक्री विभागाने चार-पाच वर्षांचे मेल आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरच, तसेच ठेवले असतील, तर दोन ओळींचा ‘पोहोचले, धन्यवाद’ हा मेलसुद्धा एक आयनोड खातो. तुम्ही जागेचा तक्ता पाहत बसलात, आणि मर्यादा दुसरीकडून भरत गेली. डिस्क यूसेजच्या पानावर मेलच्या फोल्डरमध्ये उतरून पाहा. बहुधा ‘सेंट’ आणि ‘ट्रॅश’ या दोनच ठिकाणी निम्मा बोजा सापडेल. मर्यादा पूर्ण भरली तर नवे मेल येणे थांबते, आणि तुमच्या बाबतीत वर्डप्रेसची अद्ययावती आणि फोटो चढवणेही पाचही ग्राहकांसाठी एकाच वेळी अडते.

माझा सल्ला असा की ज्या ग्राहकाचा व्यवहार मेलवर चालतो त्याचे मेल होस्टिंगवर ठेवूच नका, मग ते शेअर्ड असो वा रीसेलर. गूगल वर्कस्पेस, झोहो मेल, मायक्रोसॉफ्ट ३६५ यांपैकी जे परवडेल ते ग्राहकाने स्वतःच्या नावावर घ्यावे आणि डोमेनच्या एमएक्स नोंदी (मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या) तिकडे वळवाव्यात. सर्व्हर बदलताना अर्धी डोकेदुखी मेलचीच असते. ती एकदा वेगळी झाली की संकेतस्थळ हलवणे हे एका संध्याकाळचे काम राहते.

रीसेलर घेऊनही सुटत नाही अशी एक अडचण सांगतो. खाती वेगळी होतात, पण मेल बाहेर पाठवणारा आयपी पत्ता बहुधा सर्वांचा एकच असतो. गरब्याच्या संस्थेने सर्व जुन्या विद्यार्थ्यांना वर्डप्रेसमधूनच एकगठ्ठा मेल पाठवले आणि लोकांनी ते स्पॅम म्हणून नोंदवले, तर तो पत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो आणि त्याची झळ त्या सर्व्हरवरच्या अनोळखी लोकांनाही लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियमही कडक केले आहेत. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लागते, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याला ही दोन्ही व शिवाय डीमार्क (तसे न पटलेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) लागते. संस्थेला प्रचाराचे मेल पाठवायचे असतील तर त्यासाठीच असलेली सेवा वापरू द्या.

बॅकअपबद्दल कोणी विचारले नाही, पण विचारायला हवे होते. कंपनीचे बॅकअप त्याच कंपनीकडे असतात. खाते बंद झाले किंवा देयकाचा वाद झाला की तेही हाताबाहेर जातात. प्रत्येक संकेतस्थळाची एक प्रत, फायली आणि डेटाबेस दोन्हींसह, दुसऱ्या ठिकाणी जायला हवी. अपड्राफ्टप्लस हे प्लगइन ती गूगल ड्राइव्हवर विनामूल्य ठेवून देते. महिन्यातून एकदा त्यातली एखादी प्रत दुसरीकडे उघडून पाहत जा.

उत्तर : सर्व्हरवाला, इंदूर

ताईंच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. ज्याला स्वतःचे खाते सांभाळता येते त्याने ते सांभाळावे. केटररकाकांसारख्यांसाठी मात्र रीसेलरच योग्य आहे, कारण त्यांच्या दृष्टीने होस्टिंगवाले तुम्ही आजही आहातच. प्रश्न फक्त तुमच्याकडे वेगळी खाती आहेत की नाहीत एवढाच उरतो. सर्वात लहान रीसेलर योजना घ्या, वार्षिकऐवजी आधी मासिक घ्या आणि दोन-तीन महिने पाहा. काकांना व सरांना लेखी कळवा की होस्टिंग अमुक कंपनीचे आहे, बंद पडल्यास मी अमुक वेळेत तक्रार नोंदवीन, दुरुस्ती कंपनी करील. हे ग्राहकापासून लपवून ‘माझा सर्व्हर’ म्हणणारी मंडळी आपल्या धंद्यात खूप आहेत. पहिल्याच बिघाडात त्यांची पंचाईत होते.

आणखी एक मोह टाळा. रीसेलर योजनेत स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे) वापरण्याची सोय असते आणि ती नवशिक्याला फार आवडते. पण मग प्रत्येक ग्राहकाचे डोमेन तुमच्या डोमेनवर अवलंबून राहते. तुमच्या एका डोमेनचे नूतनीकरण राहून गेले की सर्वांची संकेतस्थळे आणि मेल एकदम दिसेनासे होतात. कंपनीचेच नेमसर्व्हर वापरा, किंवा ग्राहकाच्या नावाने क्लाउडफ्लेअरचे विनामूल्य खाते उघडून डीएनएस (डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदी) तिथे ठेवा.

प्रत्यक्ष हलवण्याबद्दल. पूर्ण सीपॅनेल खाते असते तर कंपनीने एका बॅकअप फाइलीतून ते जसेच्या तसे उचलले असते. अ‍ॅडऑन डोमेन हे त्या खात्याचा एक तुकडा असल्याने ते हाताने वेगळे करावे लागते. नव्या खात्यात फायली चढवा, नवा डेटाबेस करून त्यात जुना आयात करा आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड बदला. सीपॅनेल डेटाबेसच्या नावापुढे खात्याचे वापरकर्तानाव जोडते, त्यामुळे जुने नाव नव्या खात्यात चालत नाही. ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ ही त्रुटी नव्वद टक्के वेळा इथूनच येते. सुरक्षेच्या किंवा कॅशच्या (तयार पाने साठवून देणाऱ्या) प्लगइनमध्ये जुन्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, तोही तपासा. डीएनएस बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) १४,४०० सेकंदांवरून ३०० वर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो. त्याआधी स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहून संकेतस्थळ नव्या जागी उघडून पाहा. ग्राहकाला कळण्याआधी चुका तुम्हाला दिसतात. डीएनएस वळल्यावर नव्या खात्यात ऑटोएसएसएल (सुरक्षा प्रमाणपत्र बसवणारी सोय) चालवायला विसरू नका, नाही तर पहिल्या पाहुण्याला प्रमाणपत्राचा इशारा दिसेल.

नवरात्रीचे उत्तर असे की गरब्याचे संकेतस्थळ आत्ता, या आठवड्यात हलवा, किंवा थेट दिवाळीनंतर. मधल्या काळात त्याला हात लावू नका. आणि पासांची नोंदणी वर्डप्रेसच्या फॉर्मवर घेऊ नका. माहितीची पाने कॅशमधून जातात आणि शेअर्ड खातेही ती पेलते, पण नोंदणीचा प्रत्येक फॉर्म पीएचपी चालवतो आणि तिथेच ५०८ची त्रुटी येते. तिकीटविक्रीच्या तयार सेवेचा दुवा द्या.

दांडियाबाजारवाला

ठरले. कारखाना आणि दंतवैद्य यांना स्वतःच्या नावावर शेअर्ड खाते घ्यायला सांगतो. कारखान्याचे मेल आधी वेगळे करतो. केटररकाका, शिकवणी आणि गरब्याची संस्था यांच्यासाठी लहान रीसेलर योजना मासिक भाड्याने घेतो, आणि गरब्याचे काम याच आठवड्यात उरकतो. एकच शंका राहिली : पाचही डोमेन सध्या माझ्या नावावर नोंदलेली आहेत. ती होस्टिंगबरोबरच ग्राहकांच्या नावावर करावीत का?

कारेलीबागकर ताई

करावीत, पण त्याच दिवशी नको. आधी होस्टिंग हलवून आठवडाभर नीट चालू द्या. मग डोमेन त्याच रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ठेवून ग्राहकाच्या खात्यात वळते करा. नोंदणीदार बदलला की अनेक डोमेनना दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर ६० दिवसांचे कुलूप लागते, म्हणून रजिस्ट्रारही बदलायचा असेल तर तो आधी बदला. कुठलेही पाऊल उचलण्यापूर्वी डोमेनची मुदत पाहून घ्या. महिन्याभरात संपणारी असेल तर पहिले काम नूतनीकरणाचे. केटररकाकांचे डोमेनही त्यांच्याच नावावर करा, ई-मेल मात्र त्यांच्या मुलाचा किंवा सुनेचा द्या, जो घरात कोणीतरी उघडून पाहतो.